आधी फोल्डर, मग अल्बम: आर्क्टिक मंकीजच्या पहिल्या चाहत्यांचं प्रकरण

सोमवार, 23 जानेवारी 2006. ब्रिटनमध्ये तेव्हा नवे अल्बम सोमवारीच दुकानात यायचे. त्या दिवशी आलेल्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर बँडमधलं कुणीच नव्हतं. होता तो त्यांचा एक मित्र, सिगारेट ओढताना टिपलेला. अल्बमचं नाव लांबलचक: 'व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट', म्हणजे लोक मला जे काही म्हणतात ते मी नाहीच. बँड आर्क्टिक मंकीज, इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा. पोरं विशीच्या उंबरठ्यावरची. संगीत कंपनी डॉमिनो, मोठ्यांच्या मानाने छोटी. आठवडा संपला तेव्हा 3,63,735 प्रती खपल्या होत्या. कुठल्याही नवख्या कलाकाराच्या पहिल्या अल्बमची पहिल्या आठवड्यात इतकी विक्री ब्रिटनमध्ये तोवर झालेली नव्हती. त्या आठवड्याच्या विक्रीच्या यादीत त्याच्याखाली असलेल्या 19 अल्बमांची बेरीजसुद्धा त्याच्या एकट्यापुढे तोकडी पडली.

आकडा मोठा आहे, पण मला या प्रकरणात गुंतवून ठेवतं ते दुसरंच. या अल्बममधल्या 13 गाण्यांपैकी बरीचशी गाणी वर्षभराहून अधिक काळ लोकांच्या संगणकावर पडून होती, आणि तीही फुकट. ज्यांना ती हवी होती त्यांनी ती कधीच उतरवून घेतली होती, मित्रांना दिली होती, शब्दन्शब्द पाठ केली होती. संगीत कंपन्यांच्या हिशेबात हे म्हणजे हमखास नुकसान. त्यांच्या ब्रिटिश संघटनेने, बीपीआयने, ऑक्टोबर 2004 पासून गाण्यांच्या फायली वाटणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई सुरू केली होती. मग ज्यांच्याकडे गाणी आधीच होती ते लोक पुन्हा पैसे मोजून तीच गाणी घ्यायला दुकानात का गेले?

'इंटरनेटमुळे' हे ठरलेलं उत्तर आहे. मला ते अर्धवट वाटतं. इंटरनेट त्या वर्षी सगळ्याच बँडना उपलब्ध होतं. इथे वेगळं घडलं ते चाहत्यांच्या हातून, आणि ते नेमकं काय होतं ते जवळून बघायला हवं.

मूठभर सीडी

बँड जमला 2002 मध्ये, शेफील्डच्या उत्तर टोकाला असलेल्या हाय ग्रीन भागात. ॲलेक्स टर्नर आणि जेमी कुक हे शेजारी. दोघांनी 2001 च्या नाताळला गिटार मागितल्या आणि त्या मिळाल्या. अँडी निकोल्सन बेस वाजवू लागला. मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले, कारण बाकी सगळं आधीच वाटलं गेलं होतं. पहिला जाहीर कार्यक्रम 13 जून 2003 रोजी शहरातल्या 'द ग्रेप्स' नावाच्या पबमध्ये झाला.

पुढे ॲलन स्मिथ यांच्या टूफ्लाय स्टुडिओत डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंगं, होऊ लागली. जेफ बॅराडेल व्यवस्थापक म्हणून आले आणि खर्चाचा भार त्यांनी उचलला. गाणी तीन-तीनच्या तुकड्यांनी तयार व्हायची. मग त्या सीडी घरच्या घरी बर्न करायच्या आणि कार्यक्रम संपला की समोर उभ्या असलेल्यांना वाटून टाकायच्या. त्यासाठी पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. गाडीत सामान घालून मिडलंड्स, उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड असं फिरायचं आणि जाईल तिथे मूठभर सीडी ठेवून यायच्या.

मूठभर हा शब्द महत्त्वाचा. सीडी सगळ्यांना पुरायच्या नाहीत. ज्यांना मिळाली त्यांनी ती संगणकात घातली आणि न मिळालेल्यांसाठी इंटरनेटवर चढवली. हेल्डर्सने नंतर मुलाखतीत याबद्दल सांगितलं ते साधं आणि मोकळं होतं. ते डेमो पैशासाठी केलेच नव्हते, आम्ही तर ते फुकटच वाटत होतो, आणि लोक शब्द पाठ करून यायला लागल्यामुळे कार्यक्रमांना रंग चढला, असा त्याच्या म्हणण्याचा सूर होता. बँडची ही वृत्ती नजरेआड करून चालणार नाही. चाहत्यांनी इथे कुणाची चोरी केली नाही. दिलेली वस्तू त्यांनी पुढे दिली.

नाव टाइप करणारा तो एक जण

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त आवडणारा क्षण अगदी लहान आहे.

ज्यांनी त्या काळात सीडीवरची गाणी संगणकात उतरवून घेतली असतील त्यांना आठवेल. बाजारातली सीडी घातली की संगणक गाण्यांची संख्या आणि लांबी बघायचा, त्यावरून इंटरनेटवरच्या यादीत ती सीडी शोधायचा आणि नावं आपोआप भरायचा. घरी बर्न केलेली सीडी घातली की मात्र ती यादी गप्प. पडद्यावर नुसतं 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02', 'ट्रॅक 03'. कलाकार: अज्ञात. अल्बम: अज्ञात. नावं हवी असतील तर ती हाताने टाइप करायची. ऐकून, विचारून, अंदाजाने. जो पहिल्यांदा टाइप करील त्याने लिहिलेलं नाव त्या फाइलला चिकटतं आणि ती फाइल जिथे जाईल तिथे ते नावही जातं.

शेफील्डमध्ये स्निग हिलवर 'द बोर्डवॉक' नावाचं कार्यक्रमांचं ठिकाण होतं. काही शे माणसं मावतील एवढंच. टर्नर तिथे बारमागे कामाला होता. पूर्वी हीच जागा 'ब्लॅक स्वान' म्हणून ओळखली जायची आणि 4 जुलै 1976 रोजी 'द क्लॅश' या बँडचा पहिला कार्यक्रम इथेच झाला होता. या बोर्डवॉकवर हाती आलेले डेमो इंटरनेटवर चढवताना एका चाहत्याला त्या ढिगाला काहीतरी नाव देणं भाग होतं. जिथे मिळाले तिथलं नाव त्याने दिलं: 'बिनीथ द बोर्डवॉक'.

नंतर बँडचे इतर डेमो फिरू लागले तेही याच नावाखाली गोळा होत गेले. तीन-तीनच्या तुकड्यांनी आलेली, वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या हातांत पडलेली गाणी एका नावाच्या एकाच फोल्डरमध्ये आली आणि लोकांना वाटू लागलं की हा बँडचा पहिला अल्बमच आहे. बँडने असा अल्बम कधी काढला नव्हता. गाण्यांची निवड नव्हती, क्रम ठरलेला नव्हता, मुखपृष्ठ नव्हतं. तरी माणसं त्याच्याबद्दल अल्बमसारखं बोलत होती, त्यातलं आवडतं गाणं कोणतं यावर वाद घालत होती.

चाहते म्हणजे शेवटी टाळ्या वाजवणारी आणि तिकिटं काढणारी माणसं, असं आपण धरून चालतो. या प्रकरणात त्यांनी चक्क ग्रंथपालाचं काम केलं. गोळा केलं, नावं दिली, यादी लावली, हरवलेले तुकडे जोडले, आणि पुढच्या माणसाच्या हातात नीट बांधून दिलं. मायस्पेस या तेव्हा लोकप्रिय असलेल्या सोशल साइटवरचं बँडचं पानसुद्धा चाहत्यांनीच उघडलं होतं. पुढे बातम्यांमधून 'मायस्पेसने घडवलेला बँड' असा गजर सुरू झाला, तेव्हा मायस्पेस काय आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं बँडने स्पष्ट सांगितलं. तो खुलासा फार कमी लोकांनी मनावर घेतला. यंत्राला श्रेय देणं सोपं असतं, आणि फायलींना नावं देत बसलेल्या अनामिक पोरापोरींचा फोटो छापता येत नाही.

पाठांतर

डेमो पसरल्याचा परिणाम दिसला तो कार्यक्रमांत. ज्या बँडचं दुकानात जवळपास काहीच नाही त्याच्या कार्यक्रमाला आलेली गर्दी पहिल्या ओळीपासून गात होती. ऑगस्ट 2005 मध्ये रीडिंग आणि लीड्सच्या महोत्सवांत त्यांना छोटा मंच मिळाला होता, नवख्या बँडना देतात तो. त्या मंचासमोर एवढी गर्दी लोटली की महोत्सवातल्या बड्या नावांइतकीच या नवख्यांची चर्चा झाली. त्याआधी मे 2005 मध्ये बँडने स्वतःच्या खर्चाने मोजक्या प्रतींची दोन गाण्यांची रेकॉर्ड काढली होती. बाजारातली त्यांची पुंजी तेव्हा तेवढीच.

एका गाण्याकडे जरा थांबून बघू. 'व्हेन द सन गोज डाउन' हे गाणं डेमोवर 'स्कमी' या नावाने होतं, आणि जुने चाहते अजूनही त्याला त्याच नावाने ओळखतात. बँड तालमी करायचा त्या नीपसेंड भागातल्या वेश्याव्यवसायावर ते आहे: रस्त्यावर उभी असलेली मुलगी आणि तिच्याजवळ येणारा ओंगळ माणूस. गाण्याच्या सुरुवातीला फक्त एक गिटार आणि टर्नरचा आवाज. ड्रम नाहीत, बेस नाही. मग एकदम सगळी वाद्यं कोसळतात, आणि शेवटी गाणं पुन्हा त्या एकट्या आवाजावर येऊन थांबतं.

अशा सुरुवातीचं समूहाच्या दृष्टीने काय होतं? मंचावरचा आवाज बारीक आणि समोर शेकडो गळे. वाद्यांचा कल्लोळ नसल्याने लोकांचं गाणं स्वच्छ ऐकू येतं, शेजारच्याचं, स्वतःचं, आणि मंचावरच्यालाही. आपल्याबरोबर अख्ख्या सभागृहाला हे शब्द येतात हे प्रत्येकाला त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात कळतं. ज्याला शब्द येत नाहीत तो त्या रात्री घरी जाऊन ते शोधणार, हे ठरलेलं. मग तो पुन्हा त्याच फोल्डरकडे जाणार. मला वाटतं हे चक्र कुठल्याही जाहिरातीहून बळकट होतं.

शब्द पाठ करावेसे वाटावेत असे होते, हेही सांगितलं पाहिजे. टर्नर यॉर्कशरच्या, म्हणजे शेफील्डच्या भागातल्या ढंगात, त्याच उच्चारांत गात होता. शुक्रवारच्या रात्रीची रांग, क्लबच्या दारावरचा आडमुठा पहारेकरी, टॅक्सी, रुसलेली मैत्रीण, हे त्याचे विषय. एका गाण्याच्या नावातच 'मार्डी' हा शब्द आहे, त्या भागात फुरंगटलेल्या माणसाला म्हणतात तो. दुसरं एक गाणं आपल्या गावच्याच, पण अमेरिकेचा आव आणणाऱ्या बँडवर आहे. शेफील्डच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या बोलीतले, आपल्या रस्त्यांवरचे शब्द रॉक गाण्यात ऐकले की तो ते गाणं नुसतं ऐकत नाही, लगेच दुसऱ्याला नेऊन ऐकवतो. या सगळ्या प्रसाराचं मूळ तिथे आहे. गाणी सामान्य असती तर फुकट वाटूनही ती तशीच पडून राहिली असती. त्या काळात फुकट डेमो वाटणारे बँड काही कमी नव्हते.

करार आणि तो आठवडा

जून 2005 मध्ये बँडने डॉमिनोशी करार केला. लॉरेन्स बेल यांची ही कंपनी 1993 पासून चालू होती आणि आदल्याच वर्षी ग्लासगोच्या फ्रांझ फर्डिनांडचा पहिला अल्बम तिने यशस्वी करून दाखवला होता. मोठ्या कंपन्या दाराशी असताना पोरांनी डॉमिनो निवडली. चाहत्यांना ते मनापासून पटलं. आपला बँड आपल्यापासून लांब जाणार नाही असा त्यांना त्यातून दिलासा मिळाला. बँडने 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमालाही सुरुवातीला नकार दिला.

सप्टेंबर 2005 मध्ये लिंकनशरच्या चॅपल स्टुडिओत जिम ॲबिस यांनी अल्बम रेकॉर्ड केला. जेमतेम पंधरवड्याचं काम. ऑक्टोबरमध्ये पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं विकलेलं गाणं, 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर' आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. जानेवारीत दुसरं सिंगल, म्हणजे आपलं जुनं 'स्कमी', तेही पहिलं आलं. मागणी बघून कंपनीने अल्बमची तारीख 30 जानेवारीवरून एक आठवडा अलीकडे आणली. म्हणजे रविवारी सिंगल पहिल्या क्रमांकावर आणि सोमवारी अल्बम दुकानात. पहिल्याच दिवशी लाखाहून अधिक प्रती गेल्या.

याआधीचा विक्रम होता 'हिअरसे' या गटाचा, 2001 मधला, 3,06,631 प्रतींचा. तो गट एका टीव्ही स्पर्धेने, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, आठवड्यागणिक निवड करत तयार केला होता. त्याच्यामागे देशभर पोचणारं टीव्हीचं यंत्र होतं. शेफील्डच्या पोरांच्या मागे एक फोल्डर होता. शेजारी शेजारी ठेवून बघावेत असे हे दोन आकडे आहेत.

मग मूळ प्रश्न. ज्यांच्याकडे गाणी होती त्यांनी अल्बम का घेतला?

मला याचं उत्तर त्यांच्या श्रमात दिसतं. ज्या गाण्याला तुम्ही नाव दिलंत, ज्याचे शब्द कान लावून उतरवून घेतलेत, जे दहा जणांना नेऊन ऐकवलंत, ते गाणं कागदोपत्री दुसऱ्याचं असलं तरी मनाने तुमचं झालेलं असतं. ते छापील मुखपृष्ठासह दुकानात येतं तेव्हा ती खरेदी राहतच नाही. घरच्या मुलाच्या निकालाला जावं तसं माणूस दुकानात जातो. वर्षभर 'हे पोरगे मोठे होणार' असं सांगत फिरलेल्यांना ते खरं ठरताना तिथे हजर राहायचं होतं. पहिल्या आठवड्याची विक्री मोजली जाते हे त्यांना माहीत होतं, त्या मोजणीत आपलं बोट उठलेलं त्यांना हवं होतं. शिवाय अल्बमवरची गाणी तीच असली तरी रेकॉर्डिंग नवं होतं. आपल्या तोंडपाठ गाण्याचं स्टुडिओत काय झालं, हे ऐकल्यावाचून कुठला चाहता राहील?

आणि ते ऐकून वादही झाले. डेमो जास्त जिवंत होते, अल्बमवर त्यांना फार घासूनपुसून घेतलं, अमुक गाणं का वगळलं, नाव का बदललं. या कुरबुरीला मी उत्साहाचाच भाग मानतो. दोन आवृत्त्या ओळीओळीने लावून बघण्याइतका जीव कुणी उगाच लावत नाही.

दुसरी बाजू

एवढं सगळं म्हटल्यावर काही गोष्टी प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. साडेतीन लाखांवर लोकांनी अल्बम घेतला, त्या सगळ्यांनी बोर्डवॉकचं नाव ऐकलं असेल असं मी म्हणणार नाही. रेडिओवर गाणी सतत वाजत होती, सलग दोन सिंगल पहिल्या क्रमांकावर गेली होती, आणि जानेवारी हा नाताळनंतरचा, मोठ्या अल्बमांशी फारशी टक्कर नसलेला महिना. पत्रकारितेनेही भान सोडलं. 'एनएमई' या साप्ताहिकाने सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमांची यादी केली आणि नुकत्याच जन्मलेल्या या अल्बमला पाचवा क्रमांक दिला. अल्बमला स्वतःच्या पायावर उभं राहायलाही वेळ मिळाला नव्हता. हा निवाडा मला घाईचा वाटतो. अल्बम मला फार आवडतो, तरीही.

पण क्रम तपासला की चाहत्यांचं पारडं जडच राहतं. आधी गाणारी गर्दी होती, मग तिच्याबद्दलच्या बातम्या आल्या, मग कंपन्या, मग रेडिओ. गाणाऱ्या गर्दीची हवा पैसे टाकून करता येत नाही. शब्द पाठ असल्याचं सोंग आणता येत नाही.

सप्टेंबर 2006 मध्ये अल्बमला मर्क्युरी पारितोषिक मिळालं, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला देतात ते. टर्नरने मंचावरून स्पर्धेत असलेले शेफील्डचेच गायक रिचर्ड हॉली यांचं नाव घेतलं, खरं तर त्यांना लुटलं गेलंय, असं म्हणाला. अँडी निकोल्सन तोवर बँडमधून बाहेर पडला होता आणि निक ओमॅली बेस वाजवू लागला होता. एप्रिल 2007 मध्ये दुसरा अल्बम आला, तोही पहिल्या क्रमांकावर गेला, पहिल्या आठवड्यात सव्वादोन लाखांच्या वर प्रती. उत्तम आकडा, पण पहिल्याच्या बराच खाली. या वेळी श्रोत्यांना गाणी थेट तयार मिळाली होती. जोडायला तुकडे नव्हते, टाइप करायला नावं नव्हती.

पहिल्या अल्बमच्या पहिल्या आठवड्याचा विक्रम 2007 मध्ये लिओना लुइसने मोडला, पण ती एकटी गायिका. बँडच्या पहिल्या अल्बमचा ब्रिटनमधला विक्रम आर्क्टिक मंकीजकडेच राहिला. 27 जुलै 2012 रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांनी 'डान्सफ्लोर' वाजवलं.

बोर्डवॉक 2010 मध्ये बंद पडलं. बँडने तिथले ते डेमो एकत्र करून त्या नावाने कधी प्रकाशित केले नाहीत. तरी आजही कुणी पहिल्यांदा या बँडच्या नादी लागलं की काही दिवसांतच तो 'बिनीथ द बोर्डवॉक'पाशी येऊन पोचतो, आणि कुणातरी जुन्या चाहत्याला विचारतो, हा अल्बम कुठे मिळेल?